एकट्याने व्यायाम करताय? हजेरी घेणारा नेमताना या चुका टाळा

एकट्याने व्यायाम करणाऱ्याला दांडी मारणं फार सोपं असतं. कोच ताटकळत नाही, बॅच चुकत नाही, कुणाला कळतही नाही. म्हणून बरेच जण एखाद्या मित्राला सांगून ठेवतात, 'रोज विचारत जा रे मला.' पहिला आठवडा झकास जातो. पुढे उत्तरादाखल नुसता अंगठा येऊ लागतो आणि मग तोही बंद होतो. खापर आळसावर फुटतं. माझ्या मते खरी गडबड सुरुवातीलाच झालेली असते. काय कळवायचं, किती वाजेपर्यंत कळवायचं आणि निरोप आलाच नाही तर समोरच्याने काय करायचं, यातलं काहीच ठरलेलं नसतं.

'केलास का व्यायाम?'

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हा प्रश्न. याचं उत्तर फक्त हो किंवा नाही, आणि 'हो'मध्ये काहीही बसतं: तासभराचा घामही आणि सतरंजीवर पाच मिनिटं हातपाय ताणणंही. खोटं न बोलता फसवायची सोय म्हणा ना. शिवाय 'हो'वर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही, त्यामुळे विचारणारा लवकर कंटाळतो.

त्याऐवजी असा निरोप पाठवून बघा: 'स्क्वॅट ६० किलो, ८-८-६. तिसऱ्या सेटला पाठ वाकायला लागली, थांबलो.' (म्हणजे ६० किलो वजन घेऊन बैठकांच्या तीन फेऱ्या, म्हणजेच सेट: आठ, आठ आणि सहा.) आता समोरच्याला विचारता येतं, 'परवा तिन्ही सेट आठचे होते ना? झोप कमी पडली का?' त्यासाठी त्याला व्यायामातलं ज्ञान लागत नाही, मागचा निरोप वर सरकवून बघितला की पुरे. पळणाऱ्याने अंतर, वेळ आणि पळताना बोलता येत होतं की दम लागत होता, एवढं लिहावं. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाची वेळही कळवून टाकावी. 'उद्या करतो' चालणार नाही. 'उद्या साडेसहाला, साडेसातपर्यंत निरोप येईल' असं हवं. म्हणजे पावणेआठला शांतता असेल तर तिचा अर्थ दोघांनाही कळतो.

मोठा ग्रुप, चुकीचा माणूस

वीस जणांच्या ग्रुपमध्ये रोज फोटो टाकले की काम होईल असं वाटतं. होत नाही, कारण तुमचा फोटो आला नाही हे टिपायचं काम नेमकं कुणाचं, हेच ठरलेलं नसतं. फ्रेंच अभियंता रिंगेलमान याने १९१३ साली दोर ओढण्यासारख्या कामांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात माणसं वाढली तसा माणशी जोर कमी झालेला दिसला. हजेरीला दोघं पुरतात, फार तर तिघं.

आता माणूस कोण? आपल्यापेक्षा कितीतरी पुढे असलेला पार्टनर निवडायचा मोह होतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ ऑटो कोहलर याने १९२०च्या दशकात रोइंग क्लबच्या सभासदांना जोडीने वजन उचलायला लावलं होतं. एक थकला की दोघांचंही काम थांबायचं. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असलेल्या जोड्यांमध्ये कमकुवत गड्याने सगळ्यात जास्त नेट लावला. अगदी तोडीस तोड किंवा फारच तफावत असलेल्या जोड्यांमध्ये तेवढा फायदा झाला नाही. निरोपांवर चालणारी हजेरी म्हणजे हा प्रयोग नव्हे, पण माणूस निवडताना हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. घरच्या माणसाला मात्र शक्यतो या कामाला लावू नका. तिसऱ्या दिवशी आठवणीचा टोमणा होतो आणि मग भांडण भलत्याच विषयावर जातं.

दंड

'खाडा झाला की पैसे' हा नियम हमखास निघतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायलमधल्या पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला, तर उशिरा येणारे उलट वाढले. पैसे भरले की हिशेब मिटतो. मित्राला तोंड दाखवायची लाज जास्त कामाची असते, ती स्वस्तात विकू नका.

एकही खाडा नको हा हट्ट

सलग दिवस मोजण्याच्या नादात लोक ताप अंगावर काढतात, दुखऱ्या गुडघ्याने पळतात. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या अभ्यासात रोजची नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधली एखादी संधी हुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा पहिल्या खाड्याला प्रश्न नको, लागोपाठ दुसऱ्याला थेट फोन, असं ठरवा. ठरलेली विश्रांती हजेरीतच धरा. 'खांद्यात कळ आली, थांबलो' हाही पूर्ण दिवस मानायचा. ही मुभा नसेल तर माणूस दुखणं लपवतो. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर निरोप नंतर, आधी डॉक्टर.

आणि पार्टनरच ढिला पडला तर? आठवडाभर आपले निरोप ठरल्या वेळी पाठवत राहा, टोचून बोलू नका. तरी उत्तर नाही, तर सरळ विचारा, 'जमत नसेल तर थांबवूया का?' सहा आठवड्यांची मुदत आधीच ठरलेली असेल तर हे विचारणं दोघांनाही सोपं जातं. थांबवूया म्हणाला तर दुसरा शोधा, आणि नव्याशी बोलताना निरोपाची वेळ पहिल्याच दिवशी ठरवा.