घोड्याला आधी चारा, मग हरभरा: ठाणे-नवी मुंबईत घोडा सांभाळणाऱ्यांसाठी

येऊर, घोडबंदर, पनवेल बाजूला वरातीचे नाहीतर रपेटीचे घोडे पाळणारे बरेच जण सकाळ-संध्याकाळ पाटीभर भिजवलेला हरभरा, वर गूळ, आणि मधे कधीतरी थोडा पेंढा असंच चालवतात. हे उलटं आहे हो. घोड्याचं जठर लहान, साधारण 8 ते 15 लिटरचं, आणि त्यात आम्ल दिवसभर तयार होतच राहतं, घोडा खात असो वा नसो, म्हणून त्याला थोडं थोडं पण सतत चघळायला लागतं आणि रात्रीही समोर चारा असावा लागतो. शिवाय घोड्याला उलटी होत नाही, चुकीचं काही पोटात गेलं की ते पुढेच सरकणार.

किती द्यायचं हे अंदाजावर ठेवू नका, शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880. घेर 160 आणि लांबी 150 आली तर वजन साधारण 323 किलो. सुका चारा वजनाच्या 2 टक्के धरा, म्हणजे या घोड्याला दिवसाला साडेसहा किलो, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दीड टक्क्याच्या खाली जाऊ नका. हिरव्या गवतात तीन चतुर्थांश तरी पाणीच असतं, त्यामुळे 5 किलो हिरवं टाकलं तर ते सुक्याच्या हिशोबात जेमतेम किलोभर.

भाताचा पेंढा आपल्याकडे सहज मिळतो पण त्यात ताकद फारशी नाही, नुसत्या त्यावर घोडा उभा राहत नाही, चांगलं वाळलेलं गवत मुख्य ठेवा आणि थोडा लसूणघास. हिरवी कोवळी ज्वारी अजिबात नको, त्यात सायनाइड तयार होतं. आणि पावसाळ्यात प्रत्येक गठ्ठा सोडून मध्यभागी हात घाला. आत उबदार लागतंय, कुबट वास येतोय, झटकल्यावर पांढरी धूळ उडतेय, तर तो गठ्ठा फेका, वरचा वरचा चांगला म्हणून वेगळा काढत बसू नका. बुरशीने पोटही बिघडतं आणि श्वासही. गंजी भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या ठेवा.

हरभरा, जव, ओट्स वाईट नाहीत, कामाच्या घोड्याला लागतातच, पण या वजनाला एका वेळी एक-सव्वा किलोच्या वर नको. कोंड्याचं तर फारच प्रेम आहे लोकांना, पण त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी, महिनोन्महिने तोच चालू ठेवला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं आणि तोंडाची हाडं फुगतात. खाणं बदलायचं तर 7 ते 10 दिवसांत हळूहळू.

पाणी रोज 25 ते 40 लिटर, मे महिन्यात त्याहून बरंच जास्त, आणि रोज साधारण 30 ग्रॅम साधं मीठ, घाम जास्त गेला तर वाढवा. आपल्या दमट हवेत काही घोड्यांचा घाम येणंच बंद होतं, अंग कोरडं आणि श्वास जोरात. असं दिसलं की काम तिथेच थांबवा, सावलीत घेऊन अंगावर सतत पाणी ओता आणि डॉक्टरांना बोलवा. जरीची झूल घालून डीजेसमोर दोन-दोन तास उभा केलेला घोडा बघितला की मला खरंच वाईट वाटतं, नवरदेवाकडच्यांना आधीच सांगा की मधे पाणी पाजायला थांबणार.

नालबंद 6 ते 8 आठवड्यांनी. पावसाळ्यात खूर रोज उचलून साफ करा, तळाच्या त्रिकोणी मऊ भागातून काळा, घाण वासाचा स्राव आला तर ती कुज आहे, आधी तबेला कोरडा करा. धनुर्वाताची लस चुकवू नका, घोडा त्याला फार लवकर बळी पडतो. गोमाश्या वाढल्या की सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा आजार, पसरतो, ताप येतो-जातो, घोडा वाळतो, पोटाखाली सूज येते, लगेच रक्त तपासा.

आता पोटशूळ. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, सारखा वळून कुशीकडे बघतो, लोळतो, लीद बंद होते. आधी खाणं काढून घ्या. मग नाडी बघा, जबड्याच्या हाडाखाली बोटं ठेवली की लागते, शांत घोड्याची मिनिटाला 28 ते 44, आणि 60 च्या वर गेली तर डॉक्टरांना बोलवायला एक मिनिटही थांबू नका. ताप मोजा, 37.5 ते 38.5 सेल्सिअस नॉर्मल. नळीने तेल, काढा काही ओतू नका, फुफ्फुसात जातं. दुखण्याचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्याने लक्षणं झाकली जातात. फोनवर नाडी, ताप, शेवटची लीद कधी पडली आणि काय खाल्लं होतं एवढं आधी सांगा, आणि वाटेत ट्रॅफिकमध्ये डॉक्टर अडकलेले असतील तोवर घोडा शांत असेल तर हळू चालवत ठेवा, दमलेला असेल तर उभा राहू द्या.