अटकेची बातमी इंग्रजीत लिहिताना

मराठीत ‘चोरीप्रकरणी अटक’ लिहिलं की भागतं. इंग्रजीत त्याचंच ‘अरेस्टेड फॉर थेफ्ट’ केलं, तर चोरी त्यानेच केली असा अर्थ निघू शकतो.

१. नुसती अटक असेल तर ‘अरेस्टेड ऑन सस्पिशन ऑफ थेफ्ट’ किंवा ‘इन कनेक्शन विथ अ थेफ्ट’ लिहा. ‘प्रकरणी’ला दुसरं जास्त चपखल बसतं.

२. जोड्या घोटून ठेवा: ‘अक्यूज्ड ऑफ’, ‘चार्ज्ड विथ’, ‘कन्व्हिक्टेड ऑफ’. ‘अक्यूज्ड फॉर’ सर्रास दिसतं, पण ते चूकच. शिवाय गुन्हा दाखल झाला म्हणजे ‘चार्ज्ड’ नव्हे. आपल्याकडे आरोप निश्चित करतं ते न्यायालय, तेही आरोपपत्र आल्यावर. तोवर ‘बुक्ड’.

३. ‘काल’ आला की ‘वॉज अरेस्टेड यस्टरडे’. ‘हॅज बीन’ नको. ‘पोलीस’ अनेकवचनी, म्हणून ‘द पोलीस हॅव’.

‘अलेजेडली’ कुठे टाकता ते मात्र बघा. ‘वॉज अलेजेडली अरेस्टेड फॉर स्टीलिंग अ बाइक’ म्हटलं, तर शंका अटकेवरच जाते! ‘फॉर अलेजेडली स्टीलिंग’ असं हवं. आणि चौकशीसाठी नुसतं ताब्यात घेतलं असेल तर ‘डिटेन्ड’.