मीही एकदा पडलो होतो

शाळेच्या संघातून खेळताना मी एक पेनल्टी मिळवली होती. मिळवली म्हणजे पडून मिळवली. मोठ्या डीत, म्हणजे पेनल्टी क्षेत्रात शिरलो, चेंडू पायातून निसटला हे मला कळलं, बचावपटूचा पाय वीतभर लांब होता, आणि मी सरळ आडवा झालो. शिट्टी वाजली, गोल झाला, आम्ही जिंकलो. संध्याकाळी क्रीडाशिक्षकांनी सगळ्या संघाला कट वडा खाऊ घातला. त्या बचावपटूचा चेहरा मला आज आठवत नाही. पंचांचा मात्र आठवतो. पन्नाशीचे, पोट जरा सुटलेले. ते माझ्यापाशी धापा टाकत आले आणि वाकून म्हणाले, "लागलं का रे बाळा?"

मी मान हलवून 'हो' म्हणालो.

आता गेली अकरा वर्षं मी स्वतःच शिट्टी वाजवतोय. पंचाच्या परीक्षेला बसणारी पोरं विचारायला येतात, "सर, काय वाचू, कसं पळू?" वाचायचं आणि पळायचं कुणीही सांगेल. पडणाऱ्यांचं आणि ओरडणाऱ्यांचं काय करायचं, ते मला सांगायचंय, कारण पहिल्या दोन वर्षांत पोरं शिट्टी सोडून देतात ती या दोन गोष्टींपायी.

कोल्हापुरात फुटबॉल पेठेपेठेत आहे. तालमीचा संघ असतो, संघाचे रंग असतात, आणि शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की घरातली म्हातारी माणसंसुद्धा निकाल विचारतात. अशा गावात पंच होणं म्हणजे दर आठवड्याला अर्ध्या गावाच्या नजरेत वाईट होणं. माझा गुडघा गेला, खेळणं थांबलं, आणि मैदान सुटवेना म्हणून मी परीक्षा दिली. जिल्ह्यापासून सुरुवात, मग राज्य, म्हणजे आपल्याकडे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, मग अखिल भारतीय महासंघ, आणि फारच थोड्यांना फिफाचा बिल्ला. वाट लांब आहे पण बंद नाही. 2002 च्या विश्वचषकात तामिळनाडूचे के. शंकर साहाय्यक पंच होते. गोव्याच्या उवेना फर्नांडिस फिफाच्या साहाय्यक पंच झाल्या.

अभ्यासाचं थोडक्यात. नियम 17 आहेत. पुस्तक दरवर्षी बदलतं आणि बदल साधारण 1 जुलैपासून लागू होतात, त्यामुळे सीनियर पंचाच्या जुन्या वहीवर विसंबू नका. अकरावा (ऑफसाइड) आणि बारावा (फाऊल आणि गैरवर्तन) नियम तोंडपाठ नको, डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे. पळण्याच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय पुरुष पंचांचं मोजमाप असं: 40 मीटरच्या सहा धावा, प्रत्येक 6 सेकंदांत, मग 15 सेकंदांत 75 मीटर पळणं आणि 18 सेकंदांत 25 मीटर चालणं, असं 40 वेळा. खालच्या पातळीवर वेळ सैल असते. पण सराव वरच्या मापाने करा. का, ते पुढे येईल.

आता पडणाऱ्यांकडे. नियमाच्या भाषेत याला पंचाला फसवण्याचा प्रयत्न म्हणतात, गुन्हा अखिलाडूपणाचा, शिक्षा पिवळं कार्ड, आणि त्यासाठी खेळ थांबवला असेल तर समोरच्या संघाला अप्रत्यक्ष फ्री किक. वाचायला एवढं सोपं आहे. नवीन पंच मैदानात उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यात दोनच खाने असतात: फाऊल, नाहीतर सोंग. खेळाडू पडला, फाऊल नाही, म्हणजे सोंगच, काढा पिवळं. मीही पहिल्या वर्षी असंच करायचो, आणि एका सामन्यात तर एकाच पोराला दोनदा पिवळं दाखवून बाहेर घालवलं. दुसऱ्यांदा तो बिचारा समोरून घसरत आलेला पाय चुकवायला उडी मारून पडला होता. त्याने काही मागितलंही नव्हतं. तिसरा खाना असतो, आणि सगळ्यात मोठा तोच: पाय लागला पण फाऊल होण्याइतका नाही, किंवा तोल गेला, किंवा उडी चुकली. हात पुढे करायचा, "खेळा, खेळा" म्हणायचं, आणि पुढे पळायचं. प्रत्येक पडणं फाऊल नसतं आणि फाऊल नसलेलं प्रत्येक पडणं सोंग नसतं.

मग सोंग ओळखायचं कसं? मी पडलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. खरोखर अडखळलेल्याचे हात जमिनीकडे जातात, तोंड वाचवायला. सोंग घेणाऱ्याचे हात वर जातात, छाती पुढे येते, पाय मागे दुमडतात, अंगाचं धनुष्य होतं. पोर्ट्समथ विद्यापीठातल्या पॉल मॉरिस यांनी 2009 साली नेमक्या याच धनुष्यावर बोट ठेवलं होतं. ते वाचून मला हसू आलं, कारण त्या दुपारी मीही हात वर केले होते. दुसरी खूण पायाची. काही जण स्वतःचा मागचा पाय मुद्दाम ओढत ठेवतात, बचावपटूला लागेपर्यंत. तिथे पाय लागलेला खरंच दिसतो, पण तो कुणी कुणाला लावला हे बघायचं असतं. तिसरी खूण वेळेची: धक्का लागला, दीड पाऊल टाकलं, मग आठवलं, मग पडला. आणि चौथी, माझी आवडती: पडता पडताच डोळे शिट्टीकडे. खरं दुखलेला माणूस पहिल्यांदा आपल्या पायाकडे बघतो.

पण यातलं काहीही मागून दिसत नाही. दुसऱ्या वर्षी एका अंतिम सामन्यात मी शेवटच्या मिनिटांत पेनल्टी दिली. मी हल्लेखोराच्या बरोबर पाठीमागे होतो, मला फक्त दोन पाठी आणि एक पडणं दिसलं. रात्री कुणीतरी मोबाइलवर चित्रफीत पाठवली. बचावपटूने चेंडू स्वच्छ काढला होता. मी ती अकरा वेळा बघितली, मोजली होती, आणि त्या रात्री जेवलो नाही. बाजूने, दहा-पंधरा मीटरवरून बघितलं असतं तर शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. वरच्या पातळीवर व्हीएआर, म्हणजे चित्रफीत बघून मदत करणारा पंच असतो. तुमच्या-माझ्या सामन्यांत असतात दोन लाइनमन आणि आपले गुडघे. म्हणून ती 40 मीटरची धाव.

मोठ्या पंचांनाही हे चुकलेलं नाही. 2002 च्या विश्वचषकात ब्राझील-तुर्कस्तान सामन्यात तुर्कस्तानच्या हाकान उन्सालने कोपऱ्यात उभ्या असलेल्या रिव्हाल्डोकडे चेंडू लाथाडला. चेंडू लागला मांडीला, रिव्हाल्डो कोसळला तोंड धरून. उन्साल बाहेर गेला. फिफाने रिव्हाल्डोला नंतर दंड केला, पण उन्सालचं लाल कार्ड काही परत आत गेलं नाही, आणि विश्वचषक ब्राझीलने नेला. हे प्रकरण मी कोर्सला आलेल्या पोरांना हमखास सांगतो. उन्सालने चेंडू मारायला नको होता, त्याला शिक्षा हवीच होती. प्रश्न एवढाच की पंचाने जे पाहिलं त्यावर निर्णय दिला की जे ऐकलं त्यावर. किंकाळी हा पुरावा नाही.

उलटीही उदाहरणं आहेत, आणि ती फक्त भाषणात सांगायची नाहीत, कारण त्यातून पंचाला शिकायला मिळतं. 1997 मध्ये आर्सेनलविरुद्ध लिव्हरपूलच्या रॉबी फाऊलरला पेनल्टी मिळाली. तो उठून हात हलवत पंचांना म्हणाला की गोलरक्षकाने मला पाडलेलं नाही. पंच ठाम राहिले. फाऊलरची किक अडली, परतलेल्या चेंडूवर त्याच्या साथीदाराने गोल केला. 2012 मध्ये नापोलीविरुद्ध लाझिओच्या मिरोस्लाव्ह क्लोजेने गोल केला, चेंडू हाताला लागला होता, आणि त्याने ते स्वतः पंचांना सांगितलं. गोल रद्द झाला. लाझिओ 3-0 ने हरली. दोन्हीकडे खेळाडू खरं बोलला. फरक ऐकणाऱ्यात होता. खेळ पुन्हा सुरू झालेला नसेल तर पंचाला आपला चुकलेला निर्णय बदलता येतो, हे नियमातच आहे. बदलल्याने इज्जत जाते असं जुने लोक सांगतील. माझ्या एका सामन्यात कॉर्नर दिल्यावर हल्ल्यातलाच पोरगा म्हणाला, "सर, माझ्याच पायाला लागून गेलाय." मी गोल किक दिली. त्याच्याच संघाने त्याला शिव्या घातल्या, मला कुणी काही बोललं नाही.

आता ओरडणारे. पहिल्या सामन्यात गॅलरीतून आवाज आला, "ए रेफ्री, डोळं हैत का बटणं?" मी वळून बघितलं. हीच चूक. एकदा वळलात की नव्वद मिनिटं तो माणूस तुमच्याशीच बोलणार. प्रेक्षकांशी आपलं नातं नाही, आहे ते खेळाडूंशी आणि राखीव बाकावरच्यांशी.

तिथेही तीन पायऱ्या करा. "अहो सर, काय हे!" म्हणून कपाळाला हात लावणारा खेळाडू चिडलाय, तो विसरून जाईल, त्याला विसरू द्या. दुसऱ्या पायरीवरचा खेळाडू चेंडू आपटतो, हात पसरून गॅलरीला दाखवतो, तीस पावलं पळत येऊन तोंडाशी उभा राहतो. ते पिवळं, आणि ते पहिल्यालाच द्या, पाचव्याला नाही. पाचव्याला दिलंत तर पहिले चार फुकट गेले हे सगळ्या मैदानाने पाहिलेलं असतं. तिसरी पायरी शिवी. आई-बहिणीवरून दिलेली शिवी म्हणजे लाल, मग तो संघाचा लाडका असो की पेठेचा. शिवी पंचालाच द्यायला हवी असंही नाही.

2024 च्या जर्मनीतल्या युरो स्पर्धेत एक चांगली रीत पाडली गेली: पंचाशी निर्णयावर बोलायला फक्त कर्णधाराने यायचं, आणि कर्णधार गोलरक्षक असेल तर दुसरा एक खेळाडू आधी ठरवायचा. मी नाणेफेकीच्या वेळीच दोन्ही कर्णधारांना हे सांगतो. निम्मा गोंगाट तिथेच मिटतो. सांगण्याचा सूर मात्र महत्त्वाचा. मी वयाने मोठ्या खेळाडूला 'तुम्ही' म्हणतो, पोरांनाही सामन्यात 'अरे-तुरे' करत नाही. गावात तो माझ्या भावाचा मित्र असेल, मैदानात सात नंबर.

आणि जे करणार ते आधी मोठ्याने सांगा. मार्च 2023 मध्ये बंगळुरूत आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, बाद फेरीचा सामना जादा वेळेत गेला होता. केरळा ब्लास्टर्सच्या खेळाडूंची भिंत अजून लागत होती, गोलरक्षक तयार नव्हता, आणि बंगळुरूच्या सुनील छेत्रीने फ्री किक मारून गोल केला. पंचांनी तो दिला. ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकांनी संघ मैदानाबाहेर काढला आणि तो परतलाच नाही. महासंघाने क्लबला 4 कोटींचा दंड केला, प्रशिक्षकांवर 10 सामन्यांची बंदी घातली. किक योग्य होती की नाही यावर आमच्या खोलीत आजही दोन तट पडतात. मला त्यातून एक सवय लागली: भिंत मागे न्यायची असेल तर शिट्टी उंच धरून दाखवायची आणि किक मारणाऱ्याला "शिट्टीवर" असं ऐकू जाईल असं म्हणायचं. न म्हणता गृहीत धरलेलं कुणालाच ऐकू गेलेलं नसतं. मैदान सोडून जाणं मात्र मला कधीच पटलं नाही. दाद मागायला नंतर समित्या असतात.

भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण पोरांच्या आया ते मला विचारतात. डिसेंबर 2023 मध्ये तुर्कस्तानात सामना संपल्यावर अंकारागुजू क्लबचे अध्यक्ष मैदानात आले आणि त्यांनी पंच हलिल उमुत मेलेर यांच्या तोंडावर ठोसा मारला. देशातली लीग काही दिवस बंद ठेवावी लागली. मेलेर पुढच्या उन्हाळ्यात युरोत शिट्टी घेऊन उभे होते. आपल्याकडेही हुल्लडबाजी होते. माझ्यावर एकदा पाण्याच्या बाटल्या आल्या, भरलेल्या. अशा वेळी शौर्य दाखवू नका. तिघेही पंच एकत्र उभे राहा, मध्यावर या, पोलीस येईपर्यंत कुणाशी वाद घालू नका, आणि अहवाल त्याच रात्री लिहा. अहवालात 'अपशब्द वापरले' असं लिहून भागत नाही, जे शब्द उच्चारले तेच लिहावे लागतात. माझा पहिला असा अहवाल आईने पँट धुवायला घेताना वाचला होता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिला वाटलं, ते मी कुणाला तरी लिहिलंय.

मानधनाच्या आशेने येऊ नका. सुरुवातीला पेट्रोल आणि नाश्ता सुटतो. शिट्ट्या दोन ठेवा, घड्याळं दोन ठेवा, पावसात वही भिजते म्हणून पेन्सिल ठेवा.

शाळेतल्या त्या सामन्याचे पंच मला पुन्हा भेटले ते माझ्या तिसऱ्या वर्षी. ते सामना निरीक्षक होते, मी मुख्य पंच. सामना संपल्यावर खोलीत बूट काढता काढता मी त्यांना सगळं सांगून टाकलं, वीतभर लांब असलेल्या पायासकट. वाटलं रागावतील, नाहीतर हसतील. ते बराच वेळ आठवत राहिले.

"कुठल्या गोलपोस्टकडे?"

"झाडांच्या बाजूच्या, सर."

"मग मी मध्यरेषेवरच राहिलो असणार," ते म्हणाले. "त्या दिवशीचा तो चौथा सामना होता. पळालोच नाही मी."