कडुनिंबाचा पाला टाकूनसुद्धा गव्हात सोंडे का होतात? आणि घरातल्या अजून काही जुन्या युक्त्या

दरवर्षी मे महिन्यात मला दोन-चार मैत्रिणींचे फोन येतातच, अगं गहू भरलाय त्यात काय टाकू, कडुनिंब टाकू की गोळ्या टाकू. मग जुलै-ऑगस्टमध्ये परत फोन, अगं पाला टाकला होता तरी सोंडे झाले, हे जुने उपाय काही खरे नाहीत. म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढूया, कारण उपाय खरे आहेत, पण आपण त्यातलं अर्धंच करतो. पाला तेवढा लक्षात राहिला आणि ऊन विसरलं.

मी स्वतः हे केलंय म्हणून सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी फ्लॅटमध्ये तीस किलो लोकवन घेतला, दुकानातून आणला तसाच कोठीत ओतला, आणि खालच्या झाडाचा हिरवागार ताजा पाला तोडून मधेमधे घातला. आईने पाला घालताना बघितलेलं होतं ना लहानपणी, तेवढंच डोक्यात होतं. श्रावणात झाकण उघडलं तर आतून कोंदट वास आला, हात घातला तर गहू चक्क कोमट लागला, आणि हात बाहेर काढला तर मनगटापर्यंत पिठूळ आणि बोटांवर सोंडे चालतायत. निम्मा गहू टाकून द्यावा लागला, अक्षरशः रडायला आलं. आईला फोन केला तर तिने पहिलाच प्रश्न विचारला, "ऊन किती दिवस दिलंस?" आणि दुसरा, "पाला वाळवला होतास का?" दोन्हीची उत्तरं नाही. ओला पाला म्हणजे मी माझ्या हाताने कोठीत पाणी भरलं होतं.

तर आधी गहू. गव्हातला सोंडा बाहेरून येतो असं आपल्याला वाटतं पण तो बऱ्याचदा गव्हाबरोबरच घरात आलेला असतो. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवून टाकते, त्यामुळे दाणा बघून काही कळत नाही, निवडूनसुद्धा कळत नाही. आतल्या आत अळी दाणा खाते आणि उबदार हवेत महिन्याभरात पूर्ण सोंडा होऊन बाहेर पडतो. म्हणून भरताना स्वच्छ दिसलेला गहू महिना-दीड महिन्याने अचानक खराब झाला असं वाटतं. वरून चोळलेलं तेल किंवा टाकलेला पाला त्या आतल्या अळीचं काही करत नाही, तिथपर्यंत पोचते ती उष्णता. धान्यातले बहुतेक किडे 50 अंशांच्या वर जास्त वेळ तग धरत नाहीत, आणि मेमध्ये गच्चीची फरशी पायाला चटके द्यायला लागते तेव्हा त्यावर पातळ पसरलेला गहू चांगलाच तापतो. ऊन दाखवायचं म्हणतात ते याच्यासाठी.

करायचं असं. गहू चाळून, पाखडून, निवडून घ्या. गच्चीवर जुनी सुती चादर किंवा गडद रंगाचं कापड अंथरा आणि दोन बोटांपेक्षा जाड थर करू नका, ढीग केला तर वरचं तापतं आणि खालचं तसंच राहतं. दहा ते चार ऊन द्या, दोन-तीनदा हाताने खालीवर करा, असे किमान तीन दिवस. वाळला की नाही हे बघायला आमच्याकडे दाणा दाढेखाली धरतात, कट्टकन आवाज होऊन दोन तुकडे झाले तर वाळला, दबला किंवा चिकट लागला तर अजून एक दिवस. आता सगळ्यात महत्त्वाचं, गरम गहू कधीच कोठीत भरायचा नाही. संध्याकाळी घरात आणून रात्रभर पसरून ठेवायचा, पूर्ण गार झाला की मग भरायचा, नाहीतर झाकणाच्या आतल्या बाजूला घाम धरतो आणि तेच पाणी खाली गव्हात उतरतं.

गच्ची नसेल तर? गॅलरीत येईल तेवढंच करा, पाच-पाच किलो करून. आणि तेही जमत नसेल तर वर्षाचा गहू भरूच नका, महिन्या-दोन महिन्यांचा आणा. त्यात काही कमीपणा नाही.

कोठी काठोकाठ भरा. ही गोष्ट मला आजोळी कळली, माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचा मुलूख. तिथे पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे, पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल खोली, तोंड लहान आणि पोट मोठं, आतून कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड दगड-मातीने बंद करून टाकायचं. आत धान्य आणि किडे दोघंही श्वास घेतात, असलेला प्राणवायू संपत जातो आणि मग किड्यांची वाढच थांबते. म्हणून पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, दोरीने आधी पेटता कंदील आत सोडायचे, तो विझला तर पेव तसंच उघडं ठेवायचं. कंदील विझतो तिथे माणूसही गुदमरणार. आपल्या स्टीलच्या कोठीत किंवा एअरटाइट ड्रममध्ये तेच तत्त्व आहे, पण डबा अर्धा रिकामा असेल तर आत किड्यांना महिनोन्‌महिने पुरेल एवढी हवा असते आणि रोज उघडला तर काय विचारूच नका. म्हणून एक मोठी कोठी करण्यापेक्षा चार मध्यम डबे करा, प्रत्येक गच्च भरा, आणि एक संपल्याशिवाय दुसरा उघडू नका. रोजच्या दळणाचा वेगळा.

हे सगळं झाल्यावर मग पाला. कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवायचा, हातात चुरला की चुरा झाला पाहिजे, मग तळाला, मध्ये आणि वर असे थर. वेखंडाचे तुकडे मिळाले तर पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. आमच्याकडे बिब्बेही ठेवायचे, पण बिब्बा उततो, त्याचं तेल लागलं तर अंगावर फोड येतात, घरात लहान मुलं असतील तर त्याच्या नादी लागू नका. या वासाने बाहेरून येणारे किडे लांब राहतात, एवढंच त्यांचं काम, आत असलेले मरत नाहीत.

आणि एक हात जोडून सांगते, बाजारात गव्हात टाकायच्या गोळ्या मिळतात म्हणून कोणी आणून देतं, ज्यातून विषारी वायू सुटतो त्या, त्या घरात अजिबात आणू नका. बंद घरात त्या वायूने माणसं गेली आहेत. पाऱ्याच्या टिकड्याही नकोत आणि तांदळाला बोरिक पावडर चोळणंही सोडा. कितीही धुतलं तरी खाण्याच्या वस्तूला ती लावायचीच कशाला?

तांदळाचं मात्र वेगळं आहे. पॉलिश केलेल्या तांदळाला कडक ऊन दिलं तर दाण्याला चिरा जातात आणि शिजवताना कणी होते. तांदूळ सावलीत, पंख्याखाली पसरा, कोरडा करून भरा, एवढं पुरे.

आता डाळी-कडधान्य, इथे एरंडेल खरंच कामाचं आहे. मुगाच्या किंवा चवळीच्या दाण्यावर कधी बारीक पांढरे ठिपके बघितलेत? कोणीतरी खडूचं टोक टेकवल्यासारखे. ती भुंग्याची अंडी असतात. हा भुंगा गव्हातल्या सोंड्यासारखं आत लपवून नाही तर दाण्याच्या वर, सालीवर अंडी चिकटवतो, मग अळी तिथून आत शिरते. म्हणून तेल चोळलं की अंड्यावर तेलाचा थर बसतो, ते गुदमरतं आणि गुळगुळीत दाण्यावर नवीन अंडीही नीट चिकटत नाहीत. किलोला एक छोटा चमचा तेल, जास्त नाही. एरंडेल घट्ट असतं म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करा, दोन्ही तळहातांना लावा आणि परातीत कडधान्य घेऊन लाडू वळताना रवा चोळतो तसं चोळत रहा, प्रत्येक दाण्याला चमक आली की झालं. ऊन इथेही आधी, तेल नंतर. शिजवण्यापूर्वी गरम पाण्याने धुवून घ्या. घरी एरंडेल नसेल तर साधं गोडंतेलही चालतं पण काही महिन्यांनी त्याला खवट वास येतो, एरंडेलाला सहसा नाही. तूर-हरभरा अख्खा ठेवण्यापेक्षा डाळ करून ठेवली तर भुंगा कमी लागतो, त्याला अख्खा दाणा लागतो. म्हणूनच उन्हाळ्यात डाळी भरडून ठेवायची पद्धत. वाल-पावट्याला राख चोळायचे तेही छान, पण आता चुलीची राख कुठे मिळते, मिळालीच तर चाळून आणि पूर्ण गार झालेली घ्या.

रवा कोरडा भाजून ठेवा. तिखटाच्या बरणीत खडा हिंगाचे चार-पाच खडे खाली-वर ठेवा. साखरेत चार लवंगा, मुंग्यांना वास नकोसा होतो, पण डब्याच्या बाहेरून साखर सांडलेली असेल तर लवंग बिचारी काय करणार.

लोणच्याची बरणी. चिनी मातीची बरणी आदल्या दिवशी धुऊन दिवसभर उन्हात पालथी ठेवायची, आणि भरायच्या आधी हिंगाची धुरी. छोट्या लोखंडी पळीत पेटता निखारा घ्या, त्यावर चिमूटभर हिंग टाका, धूर निघाला की बरणी त्यावर पालथी धरा, पाचेक मिनिटं. निखारा नसेल तर नारळाच्या करवंटीचा तुकडा गॅसवर लाल करून घ्या. त्या धुराने बरणी आतून पार कोरडी होते आणि लोणच्याला जो वास लागतो ना तो दुसऱ्या कशाने येत नाही. पण धुरी दिली म्हणून मीठ कमी करायचं नाही. लोणचं टिकतं ते मिठाने आणि वर आलेल्या तेलाने, फोडींच्या वर बोटभर तेल दिसलं पाहिजे, आणि ते तेल तापवून पूर्ण गार केलेलं. तोंडाला दादरा बांधायचा तो स्वच्छ सुती कापडाचा. काढायला चमचा कोरडा. आमच्या घरात लोणच्याची बरणी उघडायचा अधिकार फक्त आजीला होता, तेव्हा ते फार जाचक वाटायचं, आता मीच तसं करते.

तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने घासली की लख्ख होतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी त्यावर काळे-हिरवट डाग येतात म्हणून तक्रार असते. चिंचेचं आम्ल तांब्यावरचा काळा थर काढतं आणि तेच आम्ल भांड्यावर राहिलं तर परत डाग पाडतं, त्यामुळे घासल्याबरोबर भरपूर पाण्याने धुवा आणि निथळत न ठेवता लगेच कोरड्या फडक्याने पुसा. आणि कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात आमटी, ताक, सोलकढी काहीही आंबट ठेवू नका, कळकतं.

माठाला साबण लावायचा नाही, त्याची छिद्रं बुजतात आणि त्या छिद्रातून पाणी झिरपून उडतं म्हणूनच माठ गार होतो. नुसत्या पाण्याने आणि काथ्याने आतून-बाहेरून घासा. माठ ओल्या वाळूवर आणि वारा लागेल अशा जागी ठेवा, किचनच्या कोपऱ्यात नको. माझी नणंद मुंबईला असते, ती म्हणते वहिनी तुझ्यासारखं पाणी गार होतच नाही, तर तिचा माठ वाईट नाहीये, तिथली हवाच दमट आहे, पाणी उडायला जागाच नाही. सोलापूर-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जे करतो ते तिथे कसं होणार.

पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवून पाणी रात्रभर ठेवा, गाळ तळाला बसतो, वरचं अलगद काढून घ्या. पण ते दिसायला स्वच्छ झालं, जंतू मेले नाहीत, पिण्यासाठी उकळायचंच.

शेवटी पैठणी, कारण ती बिघडली की भरून येत नाही. जुन्या मऊ मलमलमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा कोंडतो आणि जर काळी पडते. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, त्यापेक्षा वाळलेला कडुनिंब किंवा वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात. दर तीन-चार महिन्यांनी साडी काढायची, घरातच सावलीत तासभर वाऱ्यावर पसरायची आणि घडी बदलायची, ज्या रेषेवर आधी मोडली होती त्या रेषेवर परत मोडायची नाही. रेशीम त्या घडीवरच विरतं. माझ्याकडे आजीची एक आहे, बाकी पदर अजून नवा वाटतो, फक्त मधोमध एक उभी रेघ विरलीय, ती बरीच वर्षं ट्रंकेत त्याच घडीवर पडून होती. आता दसऱ्याला, संक्रांतीला आणि अक्षय्य तृतीयेला मी ती काढते आणि घडी पाव-पाव इंच सरकवून घालते.