अंगठा उठत नाही? आधी बोटं तयार करा

निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा, आणि मराठवाड्यात तेव्हाच कापसाची वेचणी भरात. आयुष्यभर वेचणी, ऊसतोड, धुणंभांडी केलेल्या हातांच्या रेषा घासून गेलेल्या असतात. त्यात कोरडी थंडी. दाखल्यासाठी अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र नकार देतं ते म्हणूनच.

आदल्या रात्री बोटांना खोबरेल तेल लावा. सकाळी कोमट पाण्यानं, साबणानं हात धुऊन पूर्ण कोरडे करा. तेलकट बोट चालत नाही, ओलंही नाही. केंद्रावर आधी यंत्राची काच पुसायला सांगा. बोट सपाट आणि हलकं ठेवा. जोर दिला की रेषा दबून एकमेकींत मिसळतात, आणि चालक नेमकं "दाबा, दाबा" म्हणत असतो! अंगठ्यावरच अडू नका, दहाही बोटं करून पाहा.

तरीही जमलं नाही तर 'जीवन प्रमाण' ॲपवर चेहऱ्यानं दाखला निघतो. सोबत चेहरा ओळखणारं 'आधार फेस आरडी' ॲप लागतं. नातवाच्या अँड्रॉइड फोनवर, घरीच होतं. उजेड तोंडावर हवा. पाठीमागे उघडं दार नको. रुमाल, चष्मा काढा, पापण्या मिटा-उघडा. बुबुळाचाही पर्याय असतो, पण मोतीबिंदूत तो फसू शकतो.

दरवर्षी हाच त्रास होत असेल तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं द्या, मोबाइल नंबरही तिथंच जोडून घ्या. बाकी अडचणींसाठी ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे: 14567, सकाळी 8 ते रात्री 8.