प्लुटार्क कुठून सुरू करावा?

एम.ए.ला प्राचीन ग्रीस-रोमचा पेपर घेतला आणि प्लुटार्क, म्हणजे ‘समांतर चरित्रे’ लिहिणारा ग्रीक लेखक, मी त्याच्या अलेक्झांडरच्या चरित्रापासून सुरू केला. बहुतेक जण तिथूनच करतात. वही उघडून सनावळी उतरवायला बसले आणि आठवड्यात वैतागले. हा गृहस्थ सन जवळजवळ देतच नाही, वर अलेक्झांडरच्या अंगाला कसा सुवास यायचा हे सांगत बसतो! माझं टिपण परत आलं तेव्हा कडेला लाल शाईत एवढंच होतं : ‘पहिलं प्रकरण वाचलंत?’

नव्हतं वाचलं. प्रस्तावना समजून पानं उलटली होती. आणि नेमकं तिथेच त्याने सांगून टाकलंय, की मी इतिहास लिहीत नाही, चरित्रं लिहितोय. हजारो माणसं पडलेल्या लढाईपेक्षा एखादी थट्टा, एखादा सहज निघालेला शब्द स्वभाव जास्त दाखवतो. चित्रकार कसा चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर मेहनत घेतो, तसं. हे कळल्यावर मी सनावळीची वही बाजूला ठेवली.

तेव्हा माझा सल्ला : अलेक्झांडर आधी नको. ‘समांतर चरित्रे’ म्हणजे एक ग्रीक आणि एक रोमन अशा जोड्या. आज 22 उरल्यात. बहुतेक जोड्यांच्या शेवटी दोघांची छोटी तुलना येते. अलेक्झांडर-सीझर या सर्वांत गाजलेल्या जोडीची तुलनाच आपल्यापर्यंत आलेली नाही, म्हणजे ग्रंथाची मूळ रीतच तिथे दिसत नाही. डिमॉस्थिनीस-सिसेरो घ्या, एक ग्रीक वक्ता आणि एक रोमन. दोन्ही चरित्रं पाठोपाठ वाचा. मी एक वाचून दुसरं महिन्याने वाचलं आणि तुलना डोक्यावरून गेली.

या जोडीच्या सुरुवातीला प्लुटार्क स्वतःबद्दल बोलतो. मी लहान गावात राहतो आणि ते आणखी लहान होऊ नये म्हणून तिथेच राहतो, असं म्हणतो. गाव म्हणजे बिओशियातलं केरोनिया. इ.स.पू. 338 मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने अथेन्स आणि थीब्झ यांना जिथे हरवलं, तेच. प्लुटार्कचा जन्म इ.स. 46 च्या सुमाराचा. अथेन्समध्ये अमोनियस या तत्त्वज्ञाकडे शिकला, रोममध्ये व्याख्यानं दिली, रोमन नागरिकत्वही मिळवलं आणि परत गावी आला. जवळच्या डेल्फीला अपोलोच्या मंदिरात पुजारी होता. गावात कौलं मोजून घेणं, दगड उतरवून घेणं अशा कामावरही उभा राहायचा. लोक नावं ठेवत, तर म्हणे, हे मी माझ्यासाठी नाही, गावासाठी करतोय.

लॅटिन आपण उशिरा शिकलो, शब्दांवरून विषय समजण्याऐवजी विषय ठाऊक असल्याने शब्द उलगडत गेले, हेही तो तिथेच कबूल करतो. मराठी माध्यमातून आलेल्या मला हे वाचून काय बरं वाटलं! (मूळ ग्रीक शिकणाऱ्यांना मात्र बजावते : पहिलं पुस्तक म्हणून प्लुटार्क नको. वाक्यं संपता संपत नाहीत. ग्रीक इतिहासकार झेनोफन बरा.)

मग रोमन सेनापती अँटनीचं चरित्र. त्यात क्लिओपात्रा आहे, पण मला आवडते ती निकार्कसची हकिकत. निकार्कस हा प्लुटार्कचा पणजोबा. अँटनीच्या सैन्यासाठी गावकऱ्यांच्या खांद्यावर गव्हाची ओझी लादून त्यांना समुद्राकडे पिटाळलं जाई, पाठीवर चाबूक. एक खेप झाली, दुसरीची ओझी मोजून तयार होती, तेवढ्यात अ‍ॅक्टियमच्या आरमारी लढाईत अँटनी हरल्याची बातमी आली. कारभारी आणि शिपाई पळाले. गावाने गहू वाटून घेतला. जगाचं राज्य कोणाकडे जाणार हे ठरवणारी लढाई, आणि ती या घरात शिल्लक राहिली गव्हाच्या वाटणीच्या रूपाने.

आपल्याकडचे विद्यार्थी हमखास उचलतात ते अलेक्झांडरच्या चरित्रातलं ‘अँड्रोकोट्टस’, म्हणजे चंद्रगुप्ताबद्दलचं वाक्य : पोरवयात त्याने अलेक्झांडरला पाहिलं होतं. जरूर वापरा, पण प्लुटार्क हे चारशेहून अधिक वर्षांनी लिहितोय, हे त्याच वाक्यात नोंदवा. मी नोंदवलं नाही, आणि तोंडी परीक्षेत पाच मिनिटं त्यावरच गेली.

भाषांतराचं थोडक्यात. थॉमस नॉर्थचं 1579 चं इंग्रजी सुंदर आहे, शेक्सपियरने ‘ज्युलियस सीझर’साठी तेच वापरलं, पण ते आम्योच्या फ्रेंच भाषांतरावरून केलेलं. निबंधात उतारा द्यायला पेरिनचं इंग्रजी भाषांतर घ्या, जालावर फुकट मिळतं.

राहिला ‘मोरालिया’, नीतीपर लेखांचा ढीग. त्याच्या संदर्भात दिलेले 608, 611 असे आकडे बघून मी ग्रंथालयात तेवढ्या जाडीचं पुस्तक शोधत फिरले होते. ते आकडे 1599 च्या एका छापील आवृत्तीच्या पानांचे. नव्या आवृत्तीत समासात असतात. आधी बायकोला लिहिलेलं सांत्वनपत्र काढा. दोन वर्षांची मुलगी गेल्याचं त्याला प्रवासात कळलं. ही पोर दाईला सांगायची, दुसऱ्या बाळांना पाज, माझ्या खेळण्यांनाही पाज, हे त्याने त्यात लिहिलंय. 608 वर सुरू होतं, 612 वर संपतं. एका बैठकीत वाचून होतं.