रात्री पास, दुपारी नापास: रॅम तपासताना या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ओळखीच्या काही घरांतले कॉम्प्युटर मी आइन्स्टाइन ॲट होम (पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारे तारे शोधणारा प्रकल्प) आणि जिम्प्स (प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधणारा प्रकल्प) यांच्या आकडेमोडीच्या कामाला लावून दिलेत. मे महिना लागला की फोन सुरू होतात. "काका, टास्क सारखा एरर देतोय, त्यांचा सर्व्हर बिघडलाय का?" सर्व्हर ठीक असतो. बिघाड बहुतेक वेळा घरातल्या रॅममध्ये सापडतो.

पहिली चूक: "बाकी सगळं छान चालतंय, मग रॅम कशी खराब असेल?" व्हिडिओ बघताना एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा आला तर कुणाला कळत नाही. इथे गणित तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस चालतं आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. एक बिट (0 किंवा 1) उलटला की पुढचं सगळं वाया.

आता ज्या चुकीवर मी स्वतः तीन आठवडे घालवले ती. रात्री मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम एकदा चालवायचा, शून्य एरर दिसले की रॅमला सोडून द्यायचं.

माझ्याकडे डीडीआर4 प्रकारच्या रॅमच्या 8-8 जीबीच्या दोन स्टिक (पट्ट्या) होत्या. जिम्प्सच्या प्राइम95 या प्रोग्रामचा टॉर्चर टेस्ट (मशीनवर मुद्दाम ताण देणारी चाचणी) अधूनमधून राउंडिंग एरर देऊन थांबायचा. आइन्स्टाइनचे काही टास्क पूर्ण व्हायचे, पण नंतर 'इनव्हॅलिड' ठरायचे. मी रात्री अकराला पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावलं, एक पास (चाचणीची पूर्ण फेरी) झाला, एकही एरर नाही. मग एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलला. विंडोज नव्याने टाकलं. फरक शून्य. शेवटी लक्षात आलं की एरर येतात ते दुपारी, आणि तेही लाइट गेल्यावर. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहायचा, खोलीतला कूलर बंद पडायचा. एका रविवारी भर दुपारी तीनला, कॅबिनेटचं झाकण लावून, कूलर बंद ठेवून मेमटेस्ट चालवलं. पाऊण तासात लाल ओळी आल्या, आणि प्रत्येक ओळीत तोच एक बिट.

कारण साधं आहे. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार. तो गळत असतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांत तो पुन्हा भरला जातो. उष्णता वाढली की गळती वाढते. रॅममधली कमजोर पेशी (एका बिटाची जागा) रात्री तेवढा वेळ तग धरते, मेच्या दुपारी धरत नाही.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. चाचणी मशीनच्या सगळ्यात वाईट वेळी करायची, झाकण लावून, निदान चार पास. एरर आला तर एकच स्टिक ठेवून, त्याच स्लॉटमध्ये, आलटून पालटून तपासायचं. मग चांगली ठरलेली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघायची, म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळतं. स्टिकवर पेनाने 'क' आणि 'ख' लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गोंधळ ठरलेला. यात दोन दिवस जातात, ते जाऊ द्यावेत. घाईने दोन्ही स्टिक नव्या आणणाऱ्यांचा स्लॉटच खराब निघालेला मी पाहिला आहे.

एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू ठेवून तक्रार करू नका. डीडीआर4 चा मूळ व्होल्टेज 1.2, एक्सएमपीत तो बहुतेकदा 1.35 होतो. ते ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं आहे. बायोसमध्ये बंद करा आणि मगच निदानाला बसा.

वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक एकत्र लावणं टाळा.

खोडरबराने पिना घासणं मला अजिबात पटत नाही. सोन्याचा मुलामा पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरे. आणि पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका.

सगळ्यात जास्त राग येतो तो बॉइंकमध्ये (आइन्स्टाइनचं काम चालवणारा प्रोग्राम) 'रिसेट प्रोजेक्ट' दाबणाऱ्यांचा. टास्क पुसला जातो, रॅम तशीच राहते. आइन्स्टाइनमध्ये एकच काम दोन वेगळ्या कॉम्प्युटरना देऊन उत्तरं जुळवतात. 2010 मध्ये तिथे पहिला पल्सार सापडला तो आयोवा आणि जर्मनी इथल्या स्वयंसेवकांच्या मशीनवर. आपलं उत्तर चुकलं की तेच काम तिसऱ्या कुणाच्या तरी घरी जातं, त्याची वीज जळते. म्हणून शंका आली त्या क्षणी बॉइंकमध्ये 'नो न्यू टास्क्स' लावा. "जिम्प्स तर आता चूक मध्येच पकडून मागच्या बरोबर टप्प्यावर नेतं" असंही ऐकवतात. नेतं, खरं आहे. पण त्याच रॅममधून तुमचे फोटो आणि हिशेबही जातात, त्यांना मागे नेणारं कुणी नसतं.

माझी 'ख' स्टिक वॉरंटीत होती. दुकानदाराने एसीत दहा मिनिटं तपासून "एकदम ओके" म्हणून परत दिली. दुसऱ्या दिवशी मेमटेस्टच्या पडद्याचे फोटो घेऊन गेलो, पत्ता आणि बिट दिसतील असे, आणि म्हटलं, एसी बंद करून तासभर चालवा, मी इथेच बसतो. पन्नासाव्या मिनिटाला एरर आला. स्टिक बदलून मिळाली.